रथाचा खिळा

गेल्या ज्येष्ठांतली गोष्ट आहे. आमच्या एका स्नेह्यांची जुनी मॉरिस मायनर मोटार पुण्यांतील त्यांच्या बंगल्याच्या फाटकांतून बाहेर पडत होती. वेग म्हणाल तर चालत्या माणसाएवढाही नव्हता. डावीकडे वळण्यासाठीं त्यांनीं सुकाणूचें चक्र पुरतें फिरविलें, खालून ‘खट्’ असा एक आवाज झाला, आणि पुढचें डावें चाक मडगार्डाखालीं दुमडून गाडी त्या कोपऱ्यावर बसली. फाटकाबाहेर डाव्या हाताला एक केळेवाला रोज आपली हातगाडी लावतो. मोटारीचें नाक त्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबलें. कोणास कांहीं लागलें नाहीं. आम्ही स्वतः त्या वेळीं स्नेह्यांच्या शेजारीं बसलों होतों, तेव्हां ही हकीकत ऐकीव नव्हे.

ही गाडी त्यांच्या वडिलांनीं 1951 सालीं घेतलेली. मायनर प्रथम 1948 सालीं इंग्लंडांत निघाली आणि 1971 पर्यंत निघत राहिली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनेंही ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें कांहीं काळ काढली होती. हिच्या पुढच्या प्रत्येक चाकामागें एक उभा पोलादी खिळा असतो. मिस्त्रीलोक त्यास ‘किंगपिन’ म्हणतात. त्या खिळ्याच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असून तीं टोकें वर-खालीं एकेका आटेदार बोंडांत बसतात. या बोंडास मिस्त्र्यांच्या भाषेंत ‘ट्रनियन’ असें नांव आहे. सुकाणू फिरलें कीं खिळा या आट्यांतल्या आट्यांत थोडासा फिरतो. आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचें सारें ओझें, पीळ सहन करणाऱ्या एका लांब पोलादी दांड्याच्या द्वारें, खालच्या बोंडाच्या आट्यांवर येऊन पडतें. आट्यांना वंगण मिळत राहिलें तर ते वर्षानुवर्षें टिकतात. तें न मिळालें तर आंतल्या आंत झिजत जातात, बाहेरून कांहीं दिसत नाहीं, आणि एके दिवशीं खिळा बोंडांतून सुटून येतो. बहुधा हें गाडी अगदीं हळू चालत असतां, चाक पुरतें वळविलेलें असतां घडतें. दशरथाच्या रथाचा खिळा निखळला तेव्हां कैकेयीनें तेथें आपलें बोट घातलें, अशी कथा आपण लहानपणीं ऐकतों. त्या बोटाची किंमत पुढें अयोध्येस काय पडली तेंही ऐकतों. रथाचें सोनें, त्याचे घोडे, त्याची पताका यांचें वर्णन करणाऱ्यास खिळ्याची आठवण तो निखळल्यावरच व्हावी, ही रीति फार जुनी आहे.

मग शोध सुरू झाला. नाना पेठेंतलीं दुकानें झालीं, जुना बाजार झाला, मुंबईस कुर्ल्याची भंगाराची दुकानें झालीं. जो तो ॲम्बॅसडरचा भाग पुढें करी. यांत दुकानदारांची फारशी चूक नव्हती. ॲम्बॅसडरचें मूळ मॉरिस ऑक्सफर्ड. म्हणजे ती मायनरची थोरली बहीणच. पिळाचा दांडा त्याच कल्पनेचा, खिळा त्याच घाटाचा. परंतु थोरलीचा जोडा धाकटीच्या पायांत कसा बसावा? जुन्या बाजारांत एक खिळा असा सांपडला कीं, जो माप लावतांच तंतोतंत जुळला. मोठ्या आनंदानें तो घरीं आणला, आणि मग कळलें कीं तो उजव्या बाजूचा आहे. या गाडींत डाव्या खिळ्याचे आटे उजव्याच्या उलट पाडलेले असतात. दिसावयास जुळे भाऊ, परंतु एकाचें घर दुसऱ्यास लागत नाहीं.

एका दुकानदारानें (नांव सांगण्यांत अर्थ नाहीं) तेलकट कागदांत गुंडाळलेला, काळ्या रंगानें तकतकीत असा एक जोड काढून दाखविला आणि शपथेवर सांगितलें कीं, हा न वापरलेला, कारखान्यांतून आला तसाच पडून राहिलेला माल आहे. किंमत त्याच मानानें घेतली. घरीं येऊन रंग पुसला तों खालीं झिजलेले आटे. स्नेही तो जोड घेऊन परत गेले. दुकानदारानें पैसे परत केले, पण करतां करतां तो म्हणाला, “साहेब, एवढें काय मनावर घेतां? शोभेची तर गाडी. तिला कोठें धांवायचें आहे?” स्नेही कांहीं न बोलतां परत आले. आम्हांस वाटलें होतें कीं ते रागावले असतील; पण ते रागावले नव्हते, खजील झाले होते. त्याचें कारण पुढें कळलें.

शेवटीं तीन वाटा समोर उरल्या. पहिली अशी कीं, वाईस एका वाड्याच्या मागल्या अंगणांत एक बेबी हिंदुस्थान कित्येक वर्षें उभी होती. घरधनी वारले होते, त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “पुढचे पाय हवे असतील तर काढून न्या.” दुसरी वाट भवानी पेठेंतील एका वृद्ध लेथवाल्याची. जुना खिळा पाहून तो म्हणाला, “आकार हुबेहूब देईन. आटेही पाडीन. पण ह्या पोलादाला पाणी कसें दिलें होतें तें मला ठाऊक नाहीं, आणि ठाऊक नसतां मी हो म्हणणार नाहीं.” त्या सबंध शोधांत इतकें स्वच्छ बोलणें दुसऱ्या कोणाचें ऐकलें नाहीं. तिसरी वाट परदेशाची. इंग्लंडांत या गाडीचे भक्त इतके आहेत कीं तिचे भाग नव्यानें पाडून विकण्याचा धंदा तेथें नीट चालतो. मध्यंतरीं असे भाग श्रीलंकेंतही बनून इंग्लंडला जात असत. टपालानें मागवावे, जकात भरावी, आणि बसवावे.

आमच्या स्नेह्यांचें मन पहिल्या वाटेकडे ओढत होतें. त्यांचा प्रश्न साधा होता: “कोणता भाग बसविला म्हणजे ही माझ्या वडिलांची गाडी राहील?” वाईचा खिळा वडिलांच्या काळचा, त्याच सांच्याचा, परदेशचा नवा खिळा म्हणजे नक्कल. नक्कल घातली कीं तेवढ्यापुरती गाडी खोटी झाली, असें त्यांस मनापासून वाटे.

हा प्रश्न पोरकट नाहीं. मिलिंद राजा रथांत बसून नागसेनाकडे गेला, तेव्हां त्या भिक्षूनें त्यास हेंच विचारलें होतें: आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? प्रत्येकास राजा ‘नाहीं’ म्हणत गेला, आणि सारें नाहींसें झाल्यावर रथ उरला तो केवळ नांवापुरता. ग्रीकांकडे थीसियसच्या नौकेची अशीच गोष्ट प्लुटार्कनें सांगितली आहे. कुजलेली फळी काढावी, नवी घालावी, असें करतां करतां एकही जुनी फळी उरली नाहीं, तर नौका तीच कीं दुसरी? पुढें 1655 सालीं हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांची दुसरी नौका बांधली, तर खरी कोणती? वाईच्या गाडीचे पाय काढून पुण्याच्या गाडीस लावणें हा हॉब्जच्या पेंचाचाच एक घरगुती अवतार होय.

आम्हीं प्रथम स्नेह्यांस तर्कानेंच जिंकूं पाहिलें. अस्सलपणा अस्सलपणा म्हणतां, पण ही गाडी रचणारा इसिगोनिस यानें ती बाजारांत येण्याच्या बेतांत असतां तिचा नमुना अरुंद वाटतो म्हणून मधोमध उभा कापविला आणि चार इंच रुंद करविला. बंपर तोंवर तयार होऊन बसले होते. तेव्हां तेही मधोमध कापून त्यांत चार इंचांची पट्टी घालावी लागली. म्हणजे जिच्या अस्सलपणासाठीं आपण जीव टाकतों, तिच्या पहिल्या गाड्या जन्मतांच ठिगळ घेऊन आल्या! जगन्नाथपुरीचे रथ दरवर्षीं नव्या लांकडाचे होतात, म्हणून यात्रा खोटी झाली असें कोणी म्हणतो काय? स्नेह्यांनीं हें सर्व शांतपणें ऐकलें आणि म्हणाले, “रथ नवे होतात ते कोणी आपल्या वडिलांचे म्हणून ठेवीत नाहीं.” हा टोला आम्हांस बसला, हें कबूल केलें पाहिजे. देवाची वस्तु आणि वडिलांची वस्तु यांत फरक आहे.

परंतु त्या नौकेच्या गोष्टींत एक असा भाग आहे, जो तत्त्वज्ञांच्या वादांत बहुधा गळतो. ती नौका नुसती काठावर पूजेस ठेवलेली नव्हती. अथेन्सचे लोक जी नौका थीसियसची म्हणून मानीत, ती दरवर्षीं डेलॉस बेटास यात्रेला जात असे. इसवी सनापूर्वीं 399 या वर्षीं ती परत येईपर्यंत सॉक्रेटिसाचा देहान्त थांबवून धरला होता. फळ्या बदलल्या त्या वाद घालणाऱ्यांची सोय म्हणून नव्हे. आंत माणसें बसत होतीं आणि खालीं समुद्र होता म्हणून बदलल्या. ‘नौका तीच कीं दुसरी’ हें विचारण्यापूर्वीं सुताराला ‘ही फळी पाणी आंत घेते काय’ हें विचारावें लागत असलें पाहिजे. आम्ही दोघे मात्र चार संध्याकाळ पहिल्याच प्रश्नावर बसून होतों. ज्या केळेवाल्याची हातगाडी वीतभरानें वांचली त्याचें नांव त्या चार संध्याकाळींत एकदांही निघालें नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या वडिलांशीं त्याचें कांहीं नातें नव्हतें. गाडीच्या अस्सलपणाचें सुख त्यास मिळणार नव्हतें. त्या सुखाच्या धोक्यांत मात्र त्याचा वाटा होता, आणि तो घेशील काय असें त्यास कोणीं विचारलें नव्हतें.

पांचव्या संध्याकाळीं स्नेह्यांनीं एक वही काढून आमच्या हातीं दिली. वही वडिलांची. 1951 पासून 1986 सालीं ते वारले तोंपर्यंत त्यांत एकच मजकूर पुनःपुन्हां लिहिलेला होता: तारीख, मैलांचा आंकडा, आणि ‘पुढच्या खिळ्यांस वंगण दिलें’. दर हजार मैलांस एक ओळ, कारण गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत तसें सांगितलेलें होतें. कधीं नऊशें मैलांस, कधीं साडेनऊशेंस, पण हजारावर सहसा नाहीं. एके ठिकाणीं समासांत ‘ताप होता, तरी केलें’ एवढे तीन-चार शब्द. 1986 नंतरचीं पानें स्नेह्यांच्या हातचीं. त्यांत नव्या चकाकीचा खर्च, आसनांच्या कातड्याचा खर्च, जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यांत मिळालेल्या बक्षिसाची नोंद. आणि वंगणाच्या ओळी विरळ होत होत अखेर नाहींशा झालेल्या. शेवटल्या ओळीला अकरा वर्षें झालीं होतीं.

“नियम मीं मोडला नाहीं,” स्नेही म्हणाले. “अकरा वर्षांत हजार मैल भरलेच नाहींत.”

हें अक्षरशः खरें होतें. आणि येथेंच आमच्या मतें या सर्व प्रकरणांतला खरा नीतीचा प्रश्न आहे. वडील ती गाडी वापरीत. पावसांत भिजवीत, कॉलेजांत नेत, बाजारांत उभी करीत. त्यांचे हजार मैल कांहीं महिन्यांत भरत. पुत्राला ती इतकी प्रिय होती कीं त्यानें ती वापरांतून काढली. वर्षांतून दोन-चार वेळां, पाऊस नसतां, ऊन उतरल्यावर, धीम्या गतीनें फिरवून आणावी आणि पुन्हां खोळीखालीं झांकून ठेवावी. मैल वाढेनात, म्हणून वंगणाची पाळी येईना. वंगण आंतल्या आंत वाळून गेलें, ओल शिरली, गंज धरला, आणि दुरून देखणी दिसणारी ती गाडी आपल्या खिळ्यांवर कोरडी फिरत राहिली. नियम करणारानें मैल मोजले ते गाडी रोज चालते असें गृहीत धरून. मैल हें तेथें काळाचेंच माप होतें. गाडी उभी राहील, आणि प्रेमामुळें उभी राहील, हें त्याच्या स्वप्नींही नव्हतें.

आजीची पैठणी पेटींत जपून ठेविली तर ती घडीवर चिरते. अधूनमधून घडी मोडून दुसरी घालावी लागते, हें आपल्या घरोघरीं बायकांना ठाऊक असतें. जी वस्तु आपण नेसतों तिची फाटकी किनार त्याच दिवशीं दिसते; जी पूजेला लावतों तिची दिसत नाहीं. वस्तूंचेंच कशाला? घरांतल्या म्हाताऱ्या माणसांस आपण मानाच्या खुर्चीवर बसवितों, सणाला पायां पडतों, आणि जिना चढतांना त्यांचा गुडघा दुखतो काय हें विचारावयाचें मात्र राहून जातें. त्या दुकानदाराच्या ‘शोभेची गाडी’ या शब्दांनीं आमचे स्नेही खजील कां झाले, तें वही पाहिल्यावर समजलें. त्यानें फसविलें खरें. परंतु गाडीविषयीं तो जें बोलला तें त्या वहींत आधींच लिहिलेलें होतें.

आणि आम्ही तरी कोण मोठे न्यायाधीश! आदल्या वर्षीं स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें होतें कीं, थोडे पैसे हाताशीं आहेत. खालचा सांगाडा एकदां उघडून पाहावा, कीं बंपरांना नवी चकाकी द्यावी? आम्हीं चकाकीस मत दिलें. मेळावा जवळ आला होता, आणि आम्हांसही त्यांत बसून मिरवावयाचें होतें. तो सल्ला आम्हीं फार विचार करून दिला होता असेंही नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यास खिळा दिसत नाहीं, आणि आम्ही त्या गाडीचे पाहणारेच होतों.

येथें कोणी म्हणेल, आणि स्नेही म्हणालेच, कीं मग उपाय काय? रोज रस्त्यावर काढावी? त्यानें वंगणाची पाळी वेळेवर येईल, पण पाऊणशें वर्षांची जुनी गाडी, आजच्या गर्दींत, रोज. त्यानें केळेवाल्यांचा धोका कमी होईल कीं वाढेल? ही अडचण खरी आहे, आणि ती पुरतीं सुटली असें आम्ही म्हणत नाहीं. 2021 सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठीं निराळे नियम केले. सांगाडा, वरची काया किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नसावा अशी त्यांत अट आहे. आणि अशी नोंद घेतलेली गाडी रोजच्या कामासाठीं अथवा धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. मेळाव्यास न्यावी, प्रदर्शनांत ठेवावी, पेट्रोल भरावयास किंवा दुरुस्तीस न्यावी. नियम शहाणपणाचा आहे. परंतु त्यांतही पाहा, अस्सलपणाच्या व्याख्येंत सांगाडा आला, काया आली, इंजिन आलें. खिळ्याचें नांव नाहीं. आणि गाडी वापरांतून काढण्याचें जें काम आमच्या स्नेह्यांनीं प्रेमानें केलें, तेंच नियमानें कायद्यानें केलें. म्हणजे यापुढें अशा गाड्यांचे मैल भरणारच नाहींत. ज्यानें त्यानें वंगणाची पाळी पंचांग पाहूनच धरली पाहिजे.

वाईस स्नेही एकदां जाऊन आले. आम्हीही बरोबर होतों. वाड्याच्या अंगणांत ती गाडी चिंचेच्या पाल्याखालीं उभी होती, चारही चाकांवर. पुढचे पाय काढले असते तर ती गुडघ्यांवर बसली असती आणि पुन्हां कधीं उठली नसती. स्नेह्यांनीं तिच्या बोनेटवर हात ठेवला आणि ते आमच्याकडे पाहूं लागले. आम्हीं सांगितलें, नको. एका घरच्या आठवणीसाठीं दुसऱ्या घरची आठवण मोडूं नये. त्या वेळीं हें फार उदात्त वाटलें. दोन महिन्यांनीं त्या बाईंचा फोन आला कीं, अंगण मोकळें करावयाचें होतें म्हणून गाडी सबंधच भंगारवाल्यास दिली. “तुम्ही नेलें असतें तर निदान कोणाच्या उपयोगी पडलें असतें,” असें त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजांत राग नव्हता. आम्हीं त्यांना काय उत्तर द्यावें, तें अजून सुचलेलें नाहीं.

अखेर इंग्लंडहून दोन्ही बाजूंचे नवे खिळे आणि बोंडें आलीं. एकच बाजू मोडली असतां दोन्ही कां, असें आम्हीं विचारलें, मिस्त्री म्हणाले, “दुसरीही त्याच वयाची आहे ना?” बसविण्यापूर्वीं स्नेह्यांनीं तीं सर्व भवानी पेठेंतल्या त्या लेथवाल्याकडे नेऊन दाखविलीं. त्यानें एकेक आटा बोटानें चांचपून पाहिला, खिळा बोंडांत फिरवून पाहिला, सैलपणा कोठें आहे काय तें पाहिलें, आणि कामाचे पैसे घेतले नाहींत. पाहण्याचे कसले पैसे, म्हणाला. वंगण देतांना गाडी जॅकवर उचलून चाक अधांतरीं घ्यावें, म्हणजे ओझें निघून वंगण आट्यांपर्यंत पोहोंचतें, हें त्यानें दोनदां बजावून सांगितलें. वडिलांच्या वहींत ‘उचलून’ हा शब्द प्रत्येक ओळीच्या शेवटीं कंसांत कां होता, तें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, गाडी चालली असो वा नसो, स्नेही सतरंजी घेऊन खालीं निजतात आणि वहींत ओळ लिहितात. मैलांचा आंकडा तोच तो येतो, तरी लिहितात. जुना डावा खिळा त्यांच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलेला आहे. गेल्या पंधरवड्यांत आम्ही पुन्हां त्याच फाटकांतून, त्याच डाव्या वळणानें बाहेर पडलों. चाक पुरतें वळलें, आवाज कांहीं झाला नाहीं. केळेवाल्यानें आपली हातगाडी फाटकाच्या उजव्या बाजूस नेली आहे. त्यास तसें कोणीं सांगितलें नव्हतें.